'यादी'ची फाईल उघडली आणि ओटीपी यायला लागले: फोन कसा तपासायचा, कुठे थांबायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, केवायसी ही कामं मी करते आणि बाजूच्या टेबलावर मोबाईल दुरुस्ती. गेली दोन वर्षं एकच बिघाड त्या टेबलावर पुन्हा पुन्हा येतो आहे. येणारा माणूस म्हणतो, "ताई, फोन लय गरम होऊन राह्यला," नाहीतर, "यादीत नाव पायलं तं काहीच दिसलं नाई, अन् ते ॲपच गायब झालं." फोन बघितला की कळतं, व्हॉट्सॲपवर अनुदान यादीसारख्या नावाने आलेली एक एपीके फाईल, म्हणजे ॲप बसवणारी फाईल, उघडली गेली आहे आणि त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली आहे. तिथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात पडत असतो.

मी ज्या क्रमाने फोन तपासते तोच क्रम खाली दिला आहे. सुरुवातीच्या पायऱ्या फुकटच्या आहेत आणि घरी बसून होतात. शेवटच्या पायऱ्यांना बँकेत जावं लागतं.

लक्षणं

सगळी लक्षणं एका फोनमध्ये दिसत नाहीत. यातली दोन जरी दिसली तरी पुढे वाचा.

• आपण काही केलेलं नसताना ओटीपी येतात. किंवा मेसेज आल्याचा आवाज होतो, पण उघडायला गेलं की मेसेज तिथे नसतो.
• अनुदान यादी, चलान, लग्नपत्रिका, केवायसी अशा नावाचं ॲप टाकलं, एकदा उघडलं आणि त्याचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं.
• पाठवलेल्या मेसेजमध्ये अनोळखी नंबरवर अक्षरं आणि आकड्यांची न कळणारी लांब ओळ गेलेली दिसते. हे सगळ्यात गंभीर लक्षण. कारण पुढे सांगते.
• "तू काय फाईल पाठवली रे?" असे नातेवाइकांचे फोन येतात आणि आपण तर काही पाठवलेलं नसतं.
• व्हॉट्सॲप आपोआप बंद होऊन पुन्हा नंबर मागतं.
• फोन नुसता ठेवला तरी तापतो, दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. हे एकटंच असेल तर बहुतेक वेळा बॅटरी जुनी झालेली असते. घाबरू नका, पण परवानग्या एकदा बघून घ्या.

फोनचं नेटवर्कच अचानक पूर्ण गेलं असेल आणि त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याच्या फोनला रेंज असेल, तर बिघाड वेगळा आहे. तुमच्या नावाचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं. खालच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग सिम कंपनीला कळवा.

आणि खात्यातून पैसे गेलेच असतील, तर हा लेख इथेच ठेवा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. पैसा चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत असतो आणि जिथे सापडेल तिथे तो गोठवायचा असतो. पहिला तास हातचा गेला की काम फार अवघड होतं. फोन दुरुस्त करायला मग अख्खा दिवस आहे.

पहिली तपासणी: फोन गप्प करा

फ्लाइट मोड लावा. वायफाय वेगळं चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. नुसता डेटा बंद करून भागत नाही, कारण यातली काही ॲप तुमच्या सिमवरून साध्या एसएमएसनेच ओटीपी पुढे ढकलतात. फोन बंद करून चालू केला तर ॲपही त्याच्यासोबत परत चालू होतं.

यापुढचा उपाय मी प्रत्येकाला सांगते आणि आमच्याकडे तो सहज जमतो. सिम काढा आणि घरातल्या साध्या बटनाच्या फोनमध्ये टाका. लहान सिमला पट्टी लागते, ती मोबाईलच्या कोणत्याही दुकानात मिळते. आता बँकेचे मेसेज त्या साध्या फोनवर येतील. त्यात हे ॲप चालूच शकत नाही, म्हणजे नवा ओटीपी चोराकडे जाण्याची वाट तुटली. १९३० आणि बँकेला त्याच फोनवरून बोलता येतं. म्हाताऱ्या माणसाचा बटनाचा फोन अडगळीत टाकू नका म्हणते ती याचसाठी.

दुसरी तपासणी: फाईल कोणती होती आणि कोणी पाठवली

व्हॉट्सॲप उघडून ती फाईल शोधा. नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असेल तर ते ॲप आहे. यादीची फाईल पीडीएफ असते, पत्रिका फोटो असते, आणि दोन्ही उघडताना फोन 'इन्स्टॉल' असं विचारत नाही. तो प्रश्न फोनने विचारला असेल तर काय झालं ते तिथेच समजलं.

चॅट पुसू नका. फाईलचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा दुसऱ्या फोनने फोटो काढा. घाबरून सगळं डिलीट करून येणारे बरेच जण असतात आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काहीच उरत नाही.

आता पाठवणाऱ्याकडे बघा, कारण गेल्या वर्षा-दोन वर्षांत खरा बदल तिथेच झाला आहे. पूर्वी मी लोकांना सांगायची, मेसेजची मराठी बघा. "आपला खाता आज रात को बंद होणार आहे" असली हिंदी मिसळलेली, तुटकी भाषा असायची आणि चौथीतल्या पोरालाही खोट कळायची. तो सल्ला मी आता देत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कुणालाही, कुठेही बसून, स्वच्छ सरकारी मराठी लिहिता येते. माझ्या टेबलावर आलेल्या एका मेसेजमध्ये तालुका, गाव, "अतिवृष्टी बाधित शेतकरी यादी" आणि विषय-संदर्भासकट पत्राचा मसुदा होता. एक वेलांटी चुकलेली नव्हती.

आवाजाचंही तेच. एका काकाजींना यादीची फाईल आली ती सरपंचांच्या नंबरवरून, आणि मागून सरपंचांच्याच आवाजात छोटा निरोप: "काकाजी, नाव पाहून घ्या, उद्या शेवटची तारीख हाय." सरपंचांनी असं काही पाठवलंच नव्हतं. त्यांचं व्हॉट्सॲप आदल्या दिवशी दुसऱ्याच्या हातात गेलं होतं, आणि त्यांच्या भाषणांचे व्हिडिओ फेसबुकवर कुणालाही मिळतील असे पडलेले होते. आवाजाची नक्कल करायला आज तेवढं पुरतं.

काकाजी माझ्यासमोर बसून डोळे पुसत होते. "मीच येडा निंगालो बाई," म्हणाले. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. २०२४ साली हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना बघून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले ते चेहरे आणि आवाज बनावट होते. त्याच वर्षी जानेवारीत सचिन तेंडुलकरचा एका गेमची जाहिरात करणारा व्हिडिओ फिरला आणि तो खोटा असल्याचं त्याला स्वतः सांगावं लागलं. इतकी शिकलेली माणसं समोरचा चेहरा पाहून फसतात, तर ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवणाऱ्या काकाजींचा यात काय दोष? लाजेपायी दोन दिवस गप्प बसणं मात्र फार महाग पडतं. तेवढं करू नका.

म्हणून मेसेज कसा दिसतो, कसा ऐकू येतो ते आता बाजूला ठेवा. तो तुम्हाला काय करायला लावतो एवढंच बघा. फाईल टाकायला सांगतो का, ओटीपी मागतो का, घाई करतो का? अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी तलाठ्याकडे असते आणि आधार प्रमाणीकरण लागलंच तर ते केंद्रावर अंगठा देऊन होतं. पीएम किसानचा हप्ता वर्षातून तीनदा, दोन-दोन हजारांचा, थेट खात्यात येतो आणि त्याची स्थिती सरकारी संकेतस्थळावर दिसते. कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, विकायचा तर नोंदणीचं कपास किसान ॲप प्ले स्टोअरवर आहे. गाडीचं चलान परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. यातलं एकही काम व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलने होत नाही, मग ती पाठवणारा सरपंच असो, तलाठी असो की सख्खा भाऊ.

तिसरी तपासणी: लपलेलं ॲप शोधा

फ्लाइट मोड तसाच ठेवून सेटिंगमध्ये 'ॲप्स', मग 'सर्व ॲप्स' उघडा. स्क्रीनवरून चिन्ह लपवता येतं, या यादीतून लपणं अवघड असतं. कोरं किंवा पांढरं चिन्ह, नाव नसलेली ओळ, किंवा 'सिस्टिम अपडेट', 'प्ले सर्व्हिस' अशा भारदस्त नावाचं पण नुकतंच आलेलं ॲप दिसतं का बघा. एकाऐवजी दोन सापडली तर नवल मानू नका. बऱ्याचदा पहिलं ॲप उघडल्यावर "अपडेट करा" म्हणतं आणि त्या बटनाने दुसरं, खरं काम करणारं ॲप आत येतं. लोक पहिलं काढून निश्चिंत होतात आणि दुसरं तसंच राहतं.

सापडलेल्या ॲपच्या पानाचा फोटो काढा, त्याच्या 'परवानग्या' उघडून एसएमएस चालू आहे का बघा, आणि मग 'अनइन्स्टॉल' दाबा. गेलं तर उत्तम, तरी पुढची तपासणी सोडू नका. बटन फिकट असेल, दाबलंच जात नसेल, तर त्याने वरची परवानगी घेऊन ठेवली आहे.

एखादा अँटीव्हायरस टाकून तपासलं तर चालेल का, असं पोरं विचारतात. तपासा, पण त्याच्यावर विसंबू नका. ही ॲप नाव आणि रूप बदलून नव्याने येत राहतात, कालची ओळख आज लागू पडत नाही. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' मात्र चालू असलंच पाहिजे. बाहेरून आलेलं ॲप एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर ते अडवण्याची सोय गूगलने भारतात आणली आहे. फोनवर बोलणारा माणूस आधी तेच बंद करायला सांगतो, यावरूनच ते किती कामाचं आहे ते ओळखा.

चौथी तपासणी: चार परवानग्या

फोनप्रमाणे नावं थोडी बदलतात. सेटिंगच्या वरच्या शोधात शब्द टाकला की सापडतं.

आधी 'डिव्हाइस ॲडमिन' बघा. यात अनोळखी ॲप असेल तर ते बंद करा, त्यानेच अनइन्स्टॉलचं बटन अडवलेलं असतं. मग 'ॲक्सेसिबिलिटी'. ही सोय दृष्टिहीन माणसांसाठी आहे. ती ज्या ॲपला मिळते त्याला तुमची स्क्रीन वाचता येते आणि तुमच्या वतीने बटनही दाबता येतं. इथे अनोळखी ॲप चालू दिसलं तर ओटीपीबरोबर पिनही गेला असं धरून चाला. 'नोटिफिकेशन ॲक्सेस' मिळालेलं ॲप वरून सरकणारा प्रत्येक मेसेज वाचतं, मग त्याला एसएमएसची परवानगी नसली तरी. शेवटी 'डिफॉल्ट ॲप्स'मध्ये एसएमएससाठी कोणतं ॲप आहे ते बघा. मेसेज येऊन गायब होण्याचं कारण अनेकदा इथेच सापडतं.

सगळं बंद करूनही ॲप जात नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटन दाबून 'पॉवर ऑफ'वर बोट धरून ठेवलं की तो पर्याय येतो, काहींत चालू होताना आवाज कमी करायचं बटन धरावं लागतं. सेफ मोडमध्ये बाहेरून आलेली ॲप झोपलेली असतात, त्यामुळे काढताना झगडा होत नाही.

जाता जाता 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' उघडा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर यांच्यापुढची परवानगी बंद करा. फाईल आत आली ते दार हेच.

पाचवी तपासणी: कॉल आणि व्हॉट्सॲप

फोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' बघा. अनोळखी नंबर दिसला तर काढा, म्हणजे बँकेकडून येणारा खात्रीचा कॉल तुमच्याकडेच येईल. स्टार ४०१ असा नंबर डायल करायला लावून हे फॉरवर्डिंग लावून घेतलं जायचं. म्हणून दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना ती सोय थांबवायला सांगितलं. तरी फॉरवर्डिंग लागलेलं असू शकतं, म्हणून सेटिंगमध्ये बघायचं.

व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तुम्ही न जोडलेला संगणक दिसला तर लॉग आउट करा. 'टू स्टेप व्हेरिफिकेशन'ला सहा आकडी पिन लावा. मग ज्यांना ज्यांना तुमच्या नावाने फाईल गेली त्यांना मेसेज करण्यापेक्षा फोन करा. आमच्या गावात एका फोनवरून बचत गटाच्या सगळ्या बायांना फाईल गेली होती. संध्याकाळी अध्यक्षबाई घरोघर जाऊन सांगून आल्या, त्यामुळे दोघींचं नुकसान वाचलं.

सहावी तपासणी: बँक, आणि ही टाळायची नाही

याच पायरीवर सगळ्यात जास्त माणसं फसतात, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीला माझीही समजूत होती की ॲप काढलं, परवानग्या बंद केल्या, काम झालं. एका ताईंचा फोन मी असाच साफ करून दिला. एक पैसा गेलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी सोयाबीनचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, खात्यात पडला आणि तासाभरात सगळा गेला. फोन तेव्हा स्वच्छ होता, मी दोनदा तपासला. त्या ताईंचा चेहरा आठवला की आजही जीव तुटतो.

झालं असं होतं. यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून एक मेसेज पाठवतं आणि त्यावरून बँकेला खात्री पटते की फोन तुमचाच आहे. मी वर गंभीर म्हटलं ती न कळणारी लांब ओळ म्हणजे हाच मेसेज असू शकतो. फोनमध्ये बसलेल्या ॲपला मेसेज पाठवायची परवानगी असेल तर तुमच्या नंबरची नोंदणी चोराच्या फोनवर होऊ शकते. राहिला पिन. तो डेबिट कार्डावरच्या आकड्यांनी आणि ओटीपीने बदलता येतो आणि आधारच्या ओटीपीनेही. त्या खोट्या 'यादी'ने नाव शोधायच्या निमित्ताने आधार क्रमांक आणि कार्डाची माहिती कशासाठी मागितली होती ते आता लक्षात येईल. एकदा ही जोडणी झाली की तुमच्या फोनची गरजच उरत नाही. चोर खात्यात पैसा येण्याची वाट बघत बसतो, आणि आपल्याकडे चुकारा, अनुदान, पीक विमा कधी पडतो हे साऱ्यांनाच माहीत असतं.

म्हणून पैसे गेले नसले तरी त्याच दिवशी शाखेत जा. शाखा बंद असेल तर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बोला. तिथे चार गोष्टी स्पष्ट सांगा: माझ्या नंबरवरची सगळी यूपीआय नोंदणी रद्द करा, डेबिट कार्ड बंद करून नवं द्या, नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, आणि हे होईपर्यंत खात्यातून पैसे जाणं थांबवा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

पोच का, तर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा येत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे कळवल्याची तारीख आणि वेळ हाच तुमचा पुरावा. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं. शाखेत कुणी "आमच्याकडे काही होत नाही" म्हणालं तर अर्ज तिथेच ठेवा आणि पोच मागा.

बँकेचा नंबर इंटरनेटवर किंवा एआय चॅटला विचारून लावू नका. खोटे कस्टमर केअर नंबर जागोजागी पेरलेले असतात आणि चॅट तेच उचलून मोठ्या आत्मविश्वासाने सांगू शकतो. पासबुक काढा.

सातवी तपासणी: आधार आणि नावावरची सिम

त्या ॲपमध्ये आधार क्रमांक भरला असेल तर बायोमेट्रिक लॉक करता येतं. आधारच्या सरकारी ॲपवरून होतं, विचारायचं असेल तर १९४७ वर विचारा. पण एक अडचण आधीच सांगते. लॉक असताना रेशन दुकानात अंगठा चालत नाही आणि अंगठ्यावर पैसेही निघत नाहीत. म्हातारी माणसं महिन्याचे पैसे अंगठ्यावर काढत असतील तर घरात बोलून मगच लॉक करा आणि तात्पुरतं उघडायचं कसं ते एकाला तरी शिकवून ठेवा.

संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

आठवी तपासणी: फोन कोरा करणं

ॲक्सेसिबिलिटी किंवा डिव्हाइस ॲडमिनमध्ये अनोळखी ॲप सापडलं होतं, तर मी फोन फॅक्टरी रिसेट करते. दुसरा कोणताही उपाय तेवढा भरवशाचा नाही. फोटो आणि नंबर हाताने काढून घ्या. ॲपचा बॅकअप परत टाकू नका. गूगलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला आणि मगच हा फोन पुन्हा जोडा.

पैसे गेले असतील तर रिसेट करू नका. फोनमधलं ॲप हा पुरावा आहे. तक्रार झाल्यावर पोलिसांना विचारून करा.

कुठे थांबायचं

एक रुपया जरी गेला असेल तर दुरुस्तीवाल्याचं काम संपलं, माझंही. १९३० ला बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लागतो. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. मिळालेला पोच क्रमांक लिहून घ्या आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करा. मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जा. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ साली देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. या गर्दीत तुमची तक्रार जितकी नेमकी, तितका तुमचा पैसा सापडण्याची आशा जास्त. तपास करणाऱ्यांकडेही आता एआय आहे. चोरांनी वापरलेली भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची यंत्रणा बनवली आहे, आणि राज्य पोलिसांसाठी नागपुरात मार्वल ही संस्था उभी राहिली आहे. पण तक्रारच नसेल तर ती यंत्रणा शोधणार काय?

"तुमचे पैसे परत आणून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका. तक्रार केल्यानंतर असे फोन हमखास येतात. पोलीस, सीबीआय म्हणून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" करणारे त्यातलेच. असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. आणि घरातल्या पोराने चार-पाच हजारांसाठी खातं आणि सिम कुणाला वापरायला दिलं असेल, तर आजच वकिलाला भेटा. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की गुन्हा त्याच्या नावावर लागतो.

पुण्याला किंवा नागपूरला असलेल्या लेकराच्या आवाजात अपघाताचा, अटकेचा फोन आला तर ठेवून द्या आणि तुमच्याकडे जपलेल्या जुन्या नंबरवर परत लावा. लागला नाही तर त्याच्या खोलीवरच्या मित्राला लावा. आमच्या घरी आम्ही एक प्रश्न ठरवून ठेवला आहे. त्याचं उत्तर कुठल्याही व्हिडिओत, कुठल्याही ग्रुपवर नाही. पोळ्याला सगळे घरी आले की बसून असा एक प्रश्न ठरवा.

यातलं काही अडलं तर फोन घेऊन या. केंद्र बाजाराच्या दिवशी सकाळी आठला उघडतं. येताना सिम काढून आणा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, चॅट पुसू नका आणि पासबुक सोबत घ्या.